आजीचा चाटू

आज घरोघरी पोलादी पळ्या आणि चमचे दिसतात. त्यांच्या गर्दीत एखादा लाकडी चाटू सापडला, तर मुलांना तो साधा काठीचा तुकडा वाटतो. परंतु आमच्या मराठवाड्यातील जुन्या स्वयंपाकघरात चाटूला मोठा मान होता, आणि त्यास कारणही तसेच होते. लाकडातून उष्णता चटकन वाहत नाही. म्हणून रटरटणाऱ्या कण्या ढवळतानाही चाटूची मूठ हाताला भाजत नाही. शिवाय त्याने मातीचे मडके फुटत नाही की पितळेच्या पातेल्याची कल्हई खरवडली जात नाही.

नांगर, वखर आणि तिफण करणे हे गावच्या सुताराचे मुख्य काम. त्याबद्दल शेतकरी त्याला सुगीच्या वेळी धान्य देत. त्यालाच बलुते म्हणत. चाटू मात्र कोणी सांगितला तर, किंवा कोणास भेट द्यावयाचा असेल तरच होई. नांदेड जिल्ह्यातील आमच्या गावच्या सुताराच्या पडवीत बसून त्याचे हे काम पाहणे, हा आम्हा मुलांचा आवडता उद्योग होता. बाभळीचे ओले लाकूड घेऊन तो प्रथम त्याच्या रेषा पाही. रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. त्या आडव्या गेल्या, तर चाटू मानेशीच मोडतो. मग तो वाकसाने आकार तासून काढी आणि गोल पटाशीने खळगा कोरी. लाकूड तडकू नये म्हणून ते सावलीत सावकाश वाळवी. शेवटी जवसाचे तेल चोळी. हे तेल लाकडात मुरून घट्ट होते व पाण्यापासून त्याचे रक्षण करते.

लाकडी चमचा कोरून भेट देण्याची रीत दूरदेशीही आहे. ब्रिटनमधील वेल्समध्ये तरुण आपल्या आवडत्या मुलीला स्वतः कोरलेला चमचा देत. तेथील सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात असा १६६७ सालचा एक चमचा जपून ठेवला आहे. एकाच लाकडातून कोरलेल्या साखळ्याही अशा चमच्यांवर आढळतात.

आमच्या घरी आलेल्या भेटीवर असली नक्षी नव्हती. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. शेते ओस पडली. औते उभी राहिली, तेव्हा सुताराचे हातही रिकामे झाले. आई खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली आणि चूल आजीकडे आली. तिची बोटे संधिवाताने आखडली होती. बारीक दांड्याची पळी तिला धरवत नसे. हे कळताच सुतार ओल्या मातीचा गोळा घेऊन आला व म्हणाला, “माय, हा मुठीत आवळून धर.” मातीत आजीची बोटे उमटली. त्या ठशाबरहुकूम त्याने जाड मुठीचा चाटू घडविला.

आजी पदराची गाठ सोडू लागली, तेव्हा तो म्हणाला, “राहू दे, माय. हे बलुत्याचं काम नव्हं. ही माझी भेट.” त्याच्या स्वतःच्या घरी तेव्हा दोन वेळा चूल पेटत नव्हती.

पुढील वर्षी चांगला पाऊस झाला. खळ्यावर ज्वारीची रास पडली, तेव्हा आजीने सुताराचे बलुते मोजून दिले. त्यानंतर आणखी एक सूप भरून त्याच्यापुढे ठेवले. तो नको म्हणू लागताच ती हसून म्हणाली, “हे बलुतं नव्हं, दादा. ही माझी भेट.” सुताराने मुकाट्याने आपले उपरणे पसरले.

यंत्रातून निघालेले हजार चमचे एकसारखे असतात व ते कोणाच्याही हाती जातात. ते स्वस्त आणि टिकाऊ असतात, हे खरेच. आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. तिचा चाटू मात्र आमच्याकडे आहे. ढवळून ढवळून त्याचे टोक एका अंगाने झिजले आहे. मुठीवरचे खळगे अजून स्पष्ट दिसतात. कधी मी तो हाती घेतो. पण माझी बोटे त्या खळग्यांत बसत नाहीत. ते आजीच्या बोटांचे आहेत.