बुजगावण्याचा कोट

माणसाला एखादा छंद असावा, असे वडीलधारी मंडळी सांगतात. तो कसला असावा, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे मी जुने लष्करी गणवेश जमवू लागलो तेव्हा घरात एकाच व्यक्तीने हरकत घेतली; आणि तिचीही तक्रार छंदाविषयी नव्हती, कसरीविषयी होती.

सुरुवात झाली ती जेऊर स्टेशनापलीकडच्या एका ज्वारीच्या शेतात. हुरड्याचे बोलावणे होते. आगटीभोवती बसलो असता समोरच्या बुजगावण्याकडे लक्ष गेले. त्याच्या अंगात खाकी लोकरीचा, गुडघ्यापर्यंत लांब कोट होता. मी विचारले तसे शेतमालक हसले. म्हणाले, “न्या की गुरुजी! पाखरं त्याला कवाच भीत न्हाईत.” दुसऱ्या दिवशी मी माझा जुना रेनकोट बुजगावण्याला चढवला आणि कोट घरी आणला.

पुढे एक पट्टा, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, बिगुलाचे चिन्ह असलेला एक बिल्ला, असे काहीबाही जमत गेले. गणवेश हा पुस्तकासारखा वाचावा लागतो, हे हळूहळू कळले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पण शब्दकोश उशाशी घेऊन वाचत राहिलो. पूर्वी पलटणींचे डगले लाल असत. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेनने गाइड्स पलटण उभारली आणि तिने धुळीचा रंग अंगावर घेतला. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, तीच आपली खाकी. हलके पायदळ पांगून लढे, म्हणून त्याला हुकूम बिगुलावर मिळत. तो बिगूल मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर आजही आहे. तिची ‘जंगी पलटण’ १७६८ सालची. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

मग कोटाकडे वळलो. अस्तरावर पुसट शिक्का होता : सरकारी मालाचा बाण, त्याजवळ हिंदुस्थानचे ‘आय’ अक्षर आणि १९४३ हे साल. बाहीवर न विटलेला चौकोन होता आणि त्याच्या कडेला काळ्या कापडाची चिंधी व लाल दोरा लटकत होता. माझे काळीज धडधडले. चौथ्या हिंदी डिव्हिजनचे चिन्ह काळ्यावर लाल गरुड. पाचवीचे काळ्यावर लाल गोळा. पाचवीबरोबर मराठा पलटण १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनला लढली होती. आपल्या भागातला माणूस म्हणजे मराठा पलटणीतलाच, हे मी स्वतःशी ठरवून टाकले. कोट १९४३ चा कसा? जुना फाटला असेल, नवा मिळाला असेल. कादंबरीकाराला अशा अडचणी फार वेळ अडवत नाहीत.

सव्वीस जानेवारीला शाळेत प्रदर्शन मांडले. कोटाखाली चिठ्ठी लावली : ‘केरेनच्या वीराचा कोट’. शेतमालकांचा मुलगा सातवीत होता. पणजोबांच्या कोटापाशी तो दिवसभर छाती काढून उभा राहिला. दुपारी त्याची आजी आली. तिने नातवाकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि मला बाजूला बोलावले.

“गुरुजी, आमचं मामंजी कुठं लढाईला गेलं? कोट त्यांनी सोलापूरच्या बाजारात इकत घेतला. रातच्याला दारं धरायला जायचं, थंडी लई. बाही फाटली तवा घोंगड्याचा तुकडा म्याच लाल दोऱ्यानं शिवला व्हता.”

महायुद्ध संपल्यावर शिल्लक लष्करी माल सरकारने विकायला काढला होता, हे मी वाचले होते. तरी माझा गरुड आणि माझा गोळा, दोन्ही घोंगड्याचे निघाले!

माझा चेहरा पाहून म्हातारीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तसंच. पोराला बरं वाटतंय.”

रात्री पुष्कळ विचार केला. पोराचा आनंद खोटा नव्हता; चिठ्ठी खोटी होती. मग बसऱ्याचे स्मारक आठवले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात ज्यांनी देह ठेवला त्यांचे ते स्मारक. तिथे कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी उपाशी झुंजल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैद झाल्या. स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. आपल्या साध्या शिपायांची फक्त संख्या. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांच्या रिकाम्या जागेवर मी बाजारातला कोट टांगला होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सर्व मुलांपुढे माझी चूक सांगितली. मागून कोणीतरी हसले. त्या मुलाने मान खाली घातली ती वर केली नाही. इतके अवघड वाक्य मी कुठल्याच कादंबरीत लिहिलेले नाही.

मधल्या सुट्टीत मी नवी चिठ्ठी लिहिली : ‘लष्करी कोट, १९४३. एका शेतकऱ्याने विकत घेऊन रात्री दारे धरताना वापरला. बाहीची शिलाई सुनेची.’ मुलगा केव्हा मागे येऊन उभा राहिला, कळले नाही. चिठ्ठी वाचून म्हणाला, “गुरुजी, आजीचं नाव का न्हाई?”

मी पेन त्याच्या हाती दिले.