आईची तारीख

पूर्व विदर्भातील धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ज्या व्याधीने माझ्या आयुष्याचा सर्वाधिक काळ व्यापला, ती सिकलसेल होय. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, मूळ दोष एवढाच. परंतु त्यापायी तांबड्या पेशी प्राणवायू सोडताच विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, आणि जेथील रक्तपुरवठा त्या रोखतात तेथे हाडे फुटावीत अशी वेदना उसळते. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला निबंध १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून या व्याधीवर विपुल लिहिले गेले आहे. मला येथे लिहावयाचे आहे ते अशा स्त्रियांविषयी, ज्या स्वतः सिकलसेलग्रस्त असून सिकलसेलग्रस्त लेकरांच्या माता आहेत, आणि ज्यांची गणना आमच्या दफ्तरात केवळ 'सोबत आलेली व्यक्ती' म्हणून होते.

अशी स्त्री तपासणीच्या खोलीत येते ती मुलाचा केसपेपर पुढे करीत. मुलाच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या किती उरल्या, मागच्या खेपेस हिमोग्लोबिन किती होते, फॉलिक आम्ल कोणत्या दिवशी संपले, हे सारे तिला तोंडपाठ असते. तिच्या डोळ्यांतील पिवळेपणा आणि बसताना कमरेवर गेलेला हात पाहून मी तिची विचारपूस केली, की उत्तर ठरलेले: "मी बरी आहो, मॅडम, पोराले पाहा आधी." अधिक खोदून विचारले असता बहुधा असे निष्पन्न होते, की तिचे स्वतःचे औषध कित्येक वर्षे बंद आहे. हायड्रॉक्सियुरिया गर्भास अपायकारक ठरू शकते म्हणून दिवस राहण्यापूर्वीच ते थांबविण्याचा सल्ला देतात, आणि तो योग्यच आहे. पुढे अंगावर पाजण्याच्या काळातही ते सहसा लांबणीवर टाकले जाते. परंतु बंद केलेले औषध पुन्हा सुरू कोणी करावयाचे, याची जबाबदारी ना प्रसूती विभाग घेतो, ना औषधवैद्यक विभाग, ना आम्ही बालरोगवाले. लेकराचे औषध चालू होते आणि आईचे कायमचे राहून जाते.

याच्या मुळाशी एक दुःख असते, ते ओळखल्यावाचून उपचारास आरंभ करता येत नाही. आपल्या रक्तातून लेकराला हे दुखणे गेले, अशी तिची खात्री झालेली असते, आणि सासरची माणसे ती खात्री रोज दृढ करीत असतात. वस्तुस्थिती अशी, की आई ग्रस्त असली आणि बाप पूर्णतः निर्दोष असला तर सारी अपत्ये वाहक होतात, ग्रस्त एकही होत नाही. मूल ग्रस्त निपजले याचा अर्थच हा, की दोषाची दुसरी प्रत बापाकडून आली आहे. तो वाहक असतो, त्याला काहीएक त्रास नसतो, आणि त्याचे रक्त कोणी तपासलेलेही नसते. म्हणून मी नवऱ्याला बोलावून घेते, त्याचीही चाचणी करविते आणि दोघांना समोर बसवून हा हिशेब कागदावर मांडून दाखविते. त्यानंतर मलेरियाची हकीकत सांगते: वाहकांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले, तापाने पोरे दगावणाऱ्या प्रदेशांत या रक्तगुणाने असंख्य लेकरे जगविली, म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. हे ऐकताना त्या स्त्रीच्या मुद्रेवर जो पालट होतो, तो मला कोणत्याही औषधाने साधता आलेला नाही.

दोघांची व्याधी एक असल्याने तिची निमित्तेही एकच असतात, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. पौषातली थंडी, वैशाखात तेंदूपाने तोडताना न मिळालेले पाणी, रोवणीच्या दिवसांत बांधीत तासन्‌तास ओले उभे राहणे, घरातून फिरलेला ताप, यांपैकी काहीही घडले की माय-लेकरांना एकाच रात्री क्रायसिस येऊ शकतो. मग कोणी कोणाला दवाखान्यात न्यावे? लहान मुलाची पानथरी एकाएकी फुगून रक्त तिच्यातच साठू लागले तर काही तासांत प्राणावर बेतते, म्हणून पोटावर हात ठेवून पानथरी चाचपण्याची रीत आम्ही आईला शिकवितो. परंतु जिचे स्वतःचेच हात वेदनेने वळेनासे झाले आहेत, तिच्यावरच ही सारी भिस्त ठेवणे हा अविचार आहे. ही रीत बापाला, आजीला आणि शेजारच्या एका तरी बाईला आली पाहिजे, असा माझा आग्रह असतो, आणि आशाताईंनी तो अनेक गावांत प्रत्यक्षात आणला आहे.

मुले अबोलपणे सारे पाहत असतात. आई वेदना दडविते, म्हणून मुलगाही दडवितो, आणि छातीत दुखते हे तो सांगतो तेव्हा ताप चढून श्वास लागलेला असतो. खुब्याचे हाड झिजून आई लंगडत चालते, ती चाल म्हणजे आपले उद्याचे भविष्य, असे दहा वर्षांची मुलगी मनाशी धरून बसते. तिला मी स्पष्ट सांगते, की तुझ्या आईच्या लहानपणी न्यूमोकॉकसची लस तिला मिळाली नव्हती, पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन द्यावे हे तिच्या घरी कोणी सांगितले नव्हते, हायड्रॉक्सियुरियाचे नावही गावात पोचले नव्हते. तुझे तसे नाही. मात्र या शब्दांवर तिचा विश्वास बसावा, तर आईचीही प्रकृती औषधाने सुधारताना तिच्या दृष्टीस पडली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. त्यान्वये मुलाच्या दाखल्यासाठी ही माता किती खेटे घालते ते मी पाहते, पण स्वतःच्या नावाचा अर्ज तिने केला आहे असे क्वचितच आढळते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी अभिप्रेत आहे, तेव्हा यांतील बहुतेक माता सरकारी यादीत येतील. परंतु यादीत नाव येणे निराळे आणि उपचार चालू राहणे निराळे. माझी तजवीज साधी आहे. ग्रस्त मुलाच्या केसपेपरवर आईसाठी एक रकाना असावा. मुलाचे रक्त काढावयाच्या दिवशीच तिचेही काढावे, त्याच खिडकीवरून तिच्या गोळ्या द्याव्यात, गर्भनिरोधनाचा सल्लाही तेथेच मिळावा, आणि पुढची तारीख दोघांना एकच द्यावी, म्हणजे एकाच मजुरीच्या खाड्यात दोघांचे काम होईल. बालरोग विभागाने प्रौढ स्त्रीस औषध द्यावे की नाही, या प्रश्नावर नियमावर बोट ठेवणारे अधिकारी भेटतात. त्यांच्यासाठी आरोग्य खात्याने लेखी हुकूम काढावा, आणि त्यात ती तारीख गावच्या बाजाराच्या दिवशी न ठेवण्याचेही नमूद करावे.