पाठ, प्रत आणि पॅकेज

एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती असतात, प्रत्येक प्रतीला तिचा लेखनिक, तिचे स्थळ आणि तिचा काळ असतो, आणि प्रत हाती आली म्हणजे पाठ हाती आला असे होत नाही, हे मराठीच्या विद्यार्थ्याला एम. ए.च्या वर्गात शिकवले जाते. हेच ज्ञान क्लाउडवरच्या लिनक्स सर्व्हरपुढे बसल्यावर उपयोगी पडेल, अशी कल्पना मात्र आम्ही कधी केली नव्हती.

आमच्यापैकी एक नांदेडच्या आणि एक लातूरच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी काही वर्षे खपून घरासंबंधीच्या बोलीतील शब्दांचा एक संग्रह केला आहे. माळवद, लादणी, ढाळज, बळद, देवळी, साणे, पेव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जो भूकंप झाला त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या भाराची माळवदे माणसांवर कोसळली. पुढे गावे नव्या जागी वसली, नावे तीच राहिली, पण घरे बदलली. घर गेल्यावर त्याच्या अवयवांची नावे किती काळ टिकतात, हा आमच्या संग्रहामागचा प्रश्न आहे.

हा संग्रह ज्या सर्व्हरवर होता त्यावर सेंटओएस ७ ही प्रणाली चालत होती. २०२४ च्या पावसाळ्यात संग्रहाची पीडीएफ काढायला घेतली, तेव्हा अक्षरांना हिंदी वळण येऊ लागले. आम्हांला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हवे होते. त्यासाठी ‘लोहित मराठी’ हा टंक भांडारातून मागवायचा होता. (‘रेड हॅट’ या कंपनीने पुढे आणलेल्या या टंककुलाचे नावही अर्थपूर्ण आहे, संस्कृतात लोहित म्हणजे तांबडा.) ‘यम’ ही आज्ञा दिली आणि उत्तर आले की ‘मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ या नावाचा ठावठिकाणा लागत नाही.

चुकीचा संदेश आला की माणूस घाबरून तो वाचतच नाही. आम्ही तो संहितेसारखा वाचला. टंक सापडला नाही, असे त्यात म्हटलेले नव्हते. जोडणी तुटली, असेही नव्हते. इतर नावांचे पत्ते त्याच सर्व्हरवरून बिनतक्रार मिळत होते. अडले होते ते एका नावापाशी. लिनक्सचे पॅकेज-भांडार एका जागी नसते. मूळ संचाच्या प्रती, म्हणजे ‘मिरर’, जगभरच्या विद्यापीठांत आणि संस्थांत ठेवलेल्या असतात. आपल्याला कोणती प्रत सोयीची, हे सांगणारी एक सूची असते. आमचा सर्व्हर सूचीच्या दारात उभा होता आणि ते दारच नाहीसे झाले होते.

कारण गूढ नव्हते. सेंटओएस ७ जुलै २०१४ मध्ये आली आणि ३० जून २०२४ ला तिचे आयुष्य संपेल, हे आधीच जाहीर होते. त्यानंतर प्रतींची सूची बंद झाली. पॅकेजे मात्र नष्ट झाली नव्हती. ती ‘व्हॉल्ट’ नावाच्या जुन्या संग्रहात हलवलेली होती. व्हॉल्टला आमच्याकडचा शब्द शोधायचा तर पेव. जमिनीखालची, तोंड लिंपलेली धान्याची कोठी.

दुरुस्ती त्यामुळे लहान निघाली. आधी सर्व्हरची पूर्ण प्रत काढून ठेवली. मग भांडारांचे पत्ते लिहिलेल्या फायलींत तीन बदल केले. ‘मिररलिस्ट’ने सुरू होणाऱ्या ओळीपुढे चौकटीचे चिन्ह घालून ती निष्क्रिय केली, ‘बेसयूआरएल’च्या ओळीपुढचे तेच चिन्ह काढून ती जागी केली, आणि त्या ओळीतल्या पत्त्यात ‘मिरर’च्या जागी ‘व्हॉल्ट’ लिहिले. साठवलेली जुनी माहिती पुसून आज्ञा पुन्हा दिली. टंक आला, आणि ‘लादणी’तला ‘ल’ मराठी झाला.

या कामात एक मोह वाटेत उभा असतो. प्रत्येक पॅकेजवर ते तयार करणाऱ्याची अंकीय मुद्रा असते. सर्व्हरपाशी असलेल्या किल्लीने ती तपासली जाते, आणि मजकुरातले एक अक्षर बदललेले असले तरी तपासणी फसते. काही अडले की ही तपासणीच बंद करा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आम्ही ती चालू ठेवली. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि अखेरीस या पाठात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्यापाशी गणिती मुद्रा नव्हती, होता तो केवळ वाचकाच्या विवेकावरचा विश्वास. पॅकेजाची मुद्रा हेच काम यंत्राकडून करून घेते. म्हणूनच प्रत पेवातून आली की दूरच्या मिररवरून, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

परंतु मुद्रेची एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. पाठ अस्सल आहे एवढेच ती सांगते. तो आजही पुरेसा आहे, असे ती सांगत नाही. व्हॉल्टमधल्या पॅकेजांवरची मुद्रा खरी असते, तरीही त्यांत पुढे सापडलेली सुरक्षेची भोके तिथे कोणी बुजवत नाही. पेवातले धान्य अडीअडचणीला खाता येते; दर साली पेरायचे बियाणे शेतकरी निराळे राखतो. तेव्हा टंक मिळाला म्हणून आम्ही थांबलो नाही. सगळा संग्रह अल्मालिनक्सच्या नव्या सर्व्हरवर नेला. सेंटओएसचा जुना मार्ग खुंटल्यावर २०२१ मध्ये ज्या दोन वाटा निघाल्या त्यांपैकी ही एक. दुसरी रॉकी लिनक्स, जिच्या नावात सेंटओएसच्या एका दिवंगत सहसंस्थापकाची आठवण जपलेली आहे.

हे सारे करताना आमच्या संग्रहाविषयीच अस्वस्थ वाटू लागले. आपण शब्दांचे भांडार उभारतो आहोत की पेव? ‘साणे’ म्हणजे काय, असे एका आजींना विद्यार्थ्यांनी विचारले, तेव्हा त्यांनी आपसूक वर बोट दाखवले. वर सिमेंटचा स्लॅब होता. उजेडासाठी माळवदात ठेवलेले ते छिद्र त्यांनी मग शब्दांनी समजावले. नोंद अस्सल आहे, यात शंका नाही. पण ती वापरणारे घर उरलेले नाही, आणि ते घर परत यावे असे, ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांच्यासमोर, आम्ही म्हणणार नाही.

यातून आम्ही दोन नियम केले. प्रत्येक शब्दाखाली तो कोणत्या गावी, कोणत्या साली, किती वयाच्या व्यक्तीकडून ऐकला, हे लिहायचे. हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका असते, तसे. आणि दरवर्षी नव्या तुकडीने त्याच गावांत जाऊन तो शब्द अजून बोलला जातो का, बदललेल्या अर्थाने बोलला जातो का, याची तारखेसह भर घालायची. जो ऐकू येणार नाही तो पुसायचा नाही. तो पेवात आहे, एवढे स्पष्ट लिहायचे. पुढच्या वाचकाला निदान कोणत्या दारी जायचे ते कळावे.