ब्राउझर कोणता बरा?



संगणकावर इंटरनेटची पाने उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामला ब्राउझर म्हणतात. मराठीत त्याला न्याहाळक असा छान शब्द आहे. जगातला पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली तयार केला. पुढे २००४ साली फायरफॉक्स आला, २००८ साली क्रोम आला. एज आहे, आणखीही आहेत. सगळे फुकट मिळतात. मग रोजच्या कामाला कोणता घ्यावा? हा प्रश्न आमच्या घरी खरोखरच येऊन उभा राहिला.

माझी धाकटी बहीण पाचवीत आहे. तिला नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. आपल्या जिल्ह्याचे नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. फॉर्म ऑनलाइनच भरावा लागतो आणि ही परीक्षा एकदाच देता येते. शाळेतला संगणक विंडोज ७ चा. त्यावरच्या जुन्या ब्राउझरात पान काही केल्या नीट उघडेना. मुदतीला दोनच दिवस राहिले होते. आई म्हणाली, "पोरीची संधी जाते की काय!"

तेव्हा गुरुजींनी आम्हाला समजावून सांगितले. बाजारात बैल घेताना रंगवलेली शिंगे बघत नाहीत, दात बघतात. तसेच ब्राउझरचे रूप बघू नये. त्याला नव्या दुरुस्त्या मिळतात का, ते बघावे. चोर रोज नव्या वाटा शोधतात, म्हणून कुंपणही सारखे नीट करावे लागते. इंटरनेट एक्सप्लोरर एके काळी घरोघरी होता. १५ जून २०२२ ला तो बंद झाला. विंडोज ७ च्या दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या. २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्यावर चालेनाशा झाल्या. फायरफॉक्सने मात्र अशा जुन्या संगणकांसाठी ११५ ही आवृत्ती राखून ठेवली व तिला दुरुस्त्या दिल्या. गुरुजींनी तीच घेतली, थेट फायरफॉक्सच्या स्वतःच्या पानावरून. दुपारी पान उघडले, फोटो चढवला, सह्या चढवल्या आणि फॉर्म गेला. बहीण तर उड्याच मारायला लागली!

पण नुसता चांगला ब्राउझर असून भागत नाही. वापरणाराही सावध हवा. पत्त्याजवळ कुलूप दिसले, म्हणजे आपली माहिती वाटेत कोणी वाचणार नाही एवढेच कळते. पलीकडचा माणूस सज्जन आहे, असे ते कुलूप सांगत नाही. म्हणून बाबा सातबारा काढताना पत्त्याच्या नावाशेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, ते आधी बघतात. शाळेच्या संगणकावर पुष्कळांचे हात लागतात, तेव्हा "पासवर्ड जतन करू का?" असे विचारले तर "नाही" म्हणावे. काम झाले की लॉगआउट करून मगच उठावे.

घरी नवा संगणक असेल, तर क्रोम, एज, फायरफॉक्स यांपैकी कोणताही चालेल. फक्त तो अद्ययावत ठेवा. पण जुन्या संगणकाची ही सोय कायमची नव्हे, असे गुरुजी सांगतात. पुढच्या वर्षी पाचवीतल्या मुलांनाही फॉर्म भरायचे आहेत. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला येणाऱ्या सर्व पालकांना माझी विनंती आहे, की शाळेला एक नवा संगणक मिळावा हा विषय तुम्ही जरूर काढा.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी