आपली पिल्लं, आपल्याच अंड्यांची

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं थोडं रान आहे. कापूस, मका आणि बांधाच्या कडेला लिंबाखाली कोंबड्यांचं शेड. मांसासाठी कोंबड्या पाळणारे इकडे बरेच आहेत. त्यातले पुष्कळ जण करारावर ब्रॉयलर वाढवतात. कंपनी पिल्लू आणि खाद्य देते, चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोचं पाखरू उचलून नेते, शेतकऱ्याला किलोमागे वाढवणावळ मिळते. त्यावर अनेकांची घरं चालली आहेत, मी नावं ठेवणार नाही. पण त्या पाखराची पुढची पिढी घरी करता येत नाही. ते ठरावीक वाणांच्या संकरातून येतं आणि त्याचा गुण पिल्लांत टिकत नाही. प्रत्येक बॅचला पिल्लू बाहेरूनच आणायचं. सासूबाई ज्वारीचं बियाणं घरी राखायच्या, तसं मला कोंबडीचं बियाणं घरी राखायचं होतं. म्हणून गावरान धरली.

पैदाशीत सगळी गोम निवडीत आहे. व्यापारी दारात आला की त्याचा हात आधी सगळ्यात जड पाखरावर जातो. पैशाची नड असतेच, आपण ते देऊन टाकतो. मागे हलक्या कोंबड्या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच निघते. दोन-चार वर्षांत अख्खा कळप बारीक होतो आणि लोक म्हणतात, गावरानला वजनच येत नाही. म्हणून बारा आठवड्यांची झाली की मी एकेक पाखरू तराजूवर घालते. लवकर वाढलेली, सरळ पायांची, रुंद छातीची निवडून त्यांच्या पायात रंगीत रिंग घालते. आखाडात व्यापारी म्हणतो, “वहिनी, तो तांबडा द्या ना, भाव तुम्ही बोला.” मी सांगते, “भाऊ, रिंगवाला विकायचा नाही.” आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवते. नर आपल्याच कळपातला सारखा वापरला की नातं जवळचं होतं, अंडी कमी उबतात, पिल्लं नाजूक निघतात. म्हणून अधूनमधून डोंगरातल्या पाड्यावरून नवा कोंबडा आणते.

अंडी सातव्या रात्री बॅटरीवर धरते. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बुडाशी उजेड लावला की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा काळा ठिपका दिसतो. कोरं अंडं नुसतं पिवळसर, मोकळं दिसतं. कोरी बाजूला काढायची. एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडतं. घरात छोटं उबवणी यंत्र आहे, पण विजेचा भरवसा नाही, म्हणून खुडूक कोंबड्या राखून ठेवते. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी, त्याहून जास्त नाहीत.

खरा वैरी आमचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही; चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून ती धापा टाकते. खाद्य पचवताना अंगात उष्णता वाढते, म्हणून दाणा पहाटे आणि दिवस मावळल्यावर, दुपारी फक्त गार पाणी. शेडला ओलं गोणपाट लावते. या दिवसांत अंडीही दगा देतात. उबवायच्या आधीच घरातल्या गरमीने आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. नराचा जोमही कमी होतो. त्यामुळे माझी उबवण दिवाळीनंतर सुरू होते आणि शिमग्याच्या आत आटोपते. गावरान विकायजोगी व्हायला चार-पाच महिने लागतात. माघात उबवलेली आखाडाला तयार होते, तेव्हा भाव ब्रॉयलरच्या दुपटीवर असतो. श्रावणात मात्र कोणी विचारत नाही.

आजाराची धास्ती या भागाला जुनी आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला आणि मार्चमध्ये आमच्याच जिल्ह्यात हातेड, सावदा अशा गावांत परसातल्या कोंबड्यांपर्यंत पोचला. कोंबड्या नष्ट करायला पथकं आली, खुराडी ओस पडली. 2021 मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. म्हणून नवं पाखरू महिनाभर वेगळं ठेवते, बाजारात न विकलेलं परत कळपात सोडत नाही, दाराशी चुना टाकते. मानमोडीची लस चुकवत नाही. ती एकदा शिरली की कळप उभाच्या उभा जातो.

खान्देशात कोणी हे सुरू करणार असेल, तर त्या माझ्या बहिणीला, भावाला एवढंच सांगणं आहे: सुरुवात दिवाळीनंतर करा, कोंबड्या थोड्या ठेवा, आणि पहिल्या वर्षीचा सगळ्यात चांगला नर कोणी कितीही भाव बोललं तरी विकू नका.