लाल दिवा

आमचा वाडा महालातला. १ जून २००६ ची पहाट. चारच्या सुमाराला फटफट आवाज झाले तेव्हा आईने कूस बदलली आणि पुटपुटली, "कुणाची तरी वरात आलेली दिसते!"

वरात नव्हती. पांढऱ्या अँबॅसिडरवर लाल दिवा लावून, अंगात पोलिसी खाकी चढवून तीन दहशतवादी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावर चालून आले होते. खऱ्या पोलिसांना संशय आला, चकमक झडली आणि तिघेही ठार झाले.

मग आठवडाभर साऱ्या गल्लीला एकच उद्योग उरला: परक्या माणसाला न्याहाळणे. त्याच आठवड्यात माडीवरच्या खोलीची चौकशी करीत एक मुलगा आला. हातात पत्र्याची पेटी, बोली परप्रांतातली. "खोली गेली," मी दारातूनच सांगितले. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी माझ्या डोक्यावरच लोंबत होती. त्याने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने पेटी उचलली.

परवा माझी पुतणी कायद्याचा अभ्यास करीत बसली होती. मी सहज विचारले, "कोण दहशतवादी, हे सरकार ठरवते तरी कसे?"

ती म्हणाली, "१९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे ना, काका. २००४ साली त्यात दहशतवादी संघटनांची यादी जोडली. २०१९ पासून एकट्यादुकट्याचे नावही घालता येते. ते राजपत्रात जाहीर करावे लागते. नाव काढा, असा अर्ज करता येतो. तो फेटाळला तर समितीकडे दाद मागता येते. तिचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश." मग जरा थांबून म्हणाली, "पण नाव आधी लागते आणि दाद मागाहून! हे काही मला पटत नाही."

मी गप्प बसलो. माझ्या दारात त्या मुलाला तेवढीही सोय नव्हती. शिवाय गंमत पाहा, लाल दिव्याची ती गाडी गल्लीत समोर आली असती, तर मी अदबीने बाजूला होऊन तिला वाट दिली असती!

यंदा खोली पुन्हा रिकामी आहे. येईल त्याला आधी आत बसवायचे, चहा द्यायचा, मग चौकशी करायची, असे मी हिला बजावले आहे. ही म्हणते, चौकशी आधी करावी.

तेही खरेच. पण निदान बसवून तरी करू या.