फळ्यावर थांबलेला हात

पाय प्लास्टरमध्ये, खाली चेन्नईतल्या टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटची गर्दी, आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर संख्याशास्त्राचा तास. आयआयटी मद्रास टी. नगरपासून फार लांब नाही, पण त्या वर्गात मी कधी बसणार होते? २००३ साली सुरू झालेल्या एनपीटेल या ऑनलाइन व्हिडिओ-अभ्यासक्रमांच्या उपक्रमामुळे तो वर्गच खाटेपाशी आलाय. सरांचा हात फळ्यावर अर्ध्या समीकरणाशी थांबवून ठेवलाय. बोटांवर खडूची पूड दिसते. तीनदा मागे नेलं, चौथ्यांदा उमगलं. कॉलेजात ‘सर, पुन्हा सांगाल?’ हे शब्द घशातच अडकायचे. वीस वर्षं तसेच अडकून होते.

प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र केंद्रावर जावं लागेल. तेही हवंच आहे मला, शेजारी कुणीतरी परीक्षा देत असलेलं. तोवर प्लास्टर निघेल?